संप जिंकला, मग काम कुठे गेलं?

अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २ मे २०२३ रोजी काम थांबवलं ते २७ सप्टेंबरला पुन्हा हातात घेतलं. १४८ दिवस. रायटर्स गिल्डचे साडेअकरा हजार सभासद या लढ्यात होते. जुलैच्या मध्यावर नटमंडळींची संघटनाही उतरली. लेखक आणि नट एकाच वेळी संपावर जाण्याचा प्रकार त्याआधी १९६० साली घडला होता. तेव्हा नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, हे आज सांगितलं तर लोक हसतात. २०२३ चा करार सभासदांनी ९९ टक्के मतांनी मंजूर केला. आणि त्यानंतर काम आटलं.

हे खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, यावर लॉस एंजेलिसमध्ये वाद चालतो तसा मुंबईतही चालतो, कारण तिथले मोठे मालक आता इथेही दुकान मांडून बसले आहेत. तो वाद मी दोन पात्रांच्या तोंडी घातला आहे. मामा मराठी दैनंदिन मालिका लिहितो. भाची लॉस एंजेलिसला पटकथालेखन शिकली, तिथे एका मालिकेच्या लेखकमंडळात सहायक होती, आणि सध्या काम नाही म्हणून घरी आली आहे. दोघंही काल्पनिक आहेत, त्यांचे मुद्दे नाहीत. जिथे मला गप्प बसवलं नाही तिथे कंसात बोललो आहे.

मामा: एवढंच सांग मला. करार झाला, तुम्ही पेढे वाटलेत, आणि त्या हंगामात टीव्हीच्या लेखकांची कामं ४२ टक्क्यांनी घटली. हा आकडा स्टुडिओवाल्यांनी फेकलेला नाही, तुमच्याच गिल्डने काढलाय. १,३१९ कामं गेली, १,८१९ उरली. हा कसला विजय?

भाची: आकडा खरा आहे. पण तुलना कुठल्या वर्षाशी होतेय ते बघ. २०२२ साली अमेरिकेत ५९९ मालिका आल्या. एफएक्स वाहिनीवाले मोजायचे दरवर्षी. एवढ्या मालिका तिथे त्याआधी कधी निघाल्या नव्हत्या. सगळ्या कंपन्यांना नेटफ्लिक्स व्हायचं होतं, पैशाकडे कुणी बघत नव्हतं. त्याच वर्षीच्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे २ लाख ग्राहक घटले, शेअर कोसळला, आणि गुंतवणूकदारांचा प्रश्न एका रात्रीत बदलला. ग्राहक किती वाढले ते राहू दे, नफा किती ते बोला. कात्री तेव्हाच बाहेर आली होती. आम्ही संपावर गेलो ते वर्षभराने.

मामा: कात्री बाहेर काढून ठेवली होती, मान्य. पण कापायला निमित्त लागतं, ते तुम्ही हातात दिलंत. पाच महिने एक पान लिहिलं गेलं नाही, म्हणजे पाच महिने त्यांचा तेवढा पैसा वाचला. आणि त्यांना कळलं की दुकान तरीही चालतं. २००७-०८ च्या संपात काय झालं? जानेवारी २००८ मध्ये स्टुडिओंनी ‘आमच्या हाताबाहेरची परिस्थिती’ हे कलम दाखवून किती लेखकांचे लांब मुदतीचे करार रद्द केले. जे करार त्यांना नाहीतरी नकोसे झाले होते, तेच. आणि लेखक नसतील तर काय दाखवायचं, हे ते प्रत्येक संपात नव्याने शिकतात. १९८८ चा संप झाला, पुढच्याच वर्षी पोलिसांच्या गाडीत कॅमेरा ठेवून ‘कॉप्स’ सुरू झालं. ना पटकथा, ना लेखक. इथे २००८ च्या नोव्हेंबरात कामगार संघटनांनी मालिकांचं चित्रीकरण बंद पाडलं होतं. वाहिन्यांनी काय केलं? जुने भाग लावले. आकाश कोसळलं नाही.

भाची: २००७ चं उदाहरण काढलंस ते बरं झालं. त्या संपात सगळ्यांनी गिल्डला वेड्यात काढलं होतं. इंटरनेटवर दाखवायच्या कार्यक्रमांवर आमचा करार लागू व्हावा, ही मुख्य मागणी होती. इंटरनेटवर कोण मालिका बघतो, असं स्टुडिओ म्हणत होते. नेटफ्लिक्सने ऑनलाइन सिनेमे दाखवायला त्याच वर्षी जानेवारीत सुरुवात केली होती, तोवर ते टपालाने डीव्हीडी पाठवायचे. शंभर दिवसांच्या त्या संपातून ते कलम मिळालं. ते नसतं तर पुढच्या पंधरा वर्षांत ज्या कामावर सगळं घर चाललं, ते सगळं कराराबाहेर गेलं असतं. संपाचा हिशेब पुढच्या हंगामात करायचा नसतो, मामा.

(इथे मी भाचीच्या बाजूचा आहे. पण तिने एक गोष्ट गाळली. त्या कलमाने स्ट्रीमिंगला दार उघडलं तरी आतला दर इतका किरकोळ राहिला की २०२३ चा अर्धा संप त्याच त्रुटीवर झाला.)

मामा: बरं, दरावर बोलू. तुमचं ते हिरवं पाकीट.

भाची: हो, हिरवं पाकीट. पुनर्प्रसारणाच्या मानधनाचे धनादेश गिल्डकडून हिरव्या पाकिटात येतात. वाहिनीच्या काळात एखाद्या गाजलेल्या मालिकेचे दोन भाग लिहिले असले तर तिच्या प्रत्येक पुनर्प्रसारणाला पैसे यायचे, आणि काम नसलेल्या वर्षात घरभाडं त्यातून निघायचं. चैन नव्हती ती. आमच्या धंद्यात दोन कामांमध्ये वर्ष जातं, ते वर्ष लेखकाने शहर सोडून न जाता काढावं म्हणून ही सोय होती. स्ट्रीमिंगने तिथे ठरावीक रक्कम आणली. दहा जण बघोत, दहा कोटी बघोत. ‘सूट्स’चं बघ. २०२३ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर त्या मालिकेहून जास्त मिनिटं दुसरं काहीच बघितलं गेलं नाही. त्यातल्या एका लेखकाने संपाच्या काळात वर्तमानपत्रात लिहिलं, की मूळ सहा लेखकांना मिळून त्यांच्या अकरा भागांचे स्ट्रीमिंगपोटी आदल्या वर्षी ३,००० डॉलरसुद्धा आले नव्हते.

मामा: मग संपाने काय दिलं? मी वाचलंय ते. एखादी मालिका पहिल्या ९० दिवसांत त्या सेवेच्या देशांतर्गत ग्राहकांपैकी २० टक्के लोकांनी बघितली, तर ठरावीक रकमेवर निम्मा बोनस. वीस टक्के! वर्षात किती मालिका तिथे पोचणार? तुझ्यासारख्यांच्या तर नाहीच.

भाची: नाही पोचणार. बोनस तोकडाच आहे. पण तो मोजायचा तर आकडे दाखवावे लागतात. याआधी तुमची मालिका किती जणांनी बघितली हे तिच्या निर्मात्यालाही कळत नव्हतं. आता गिल्डला आकडे द्यावे लागतात. आणि करारानंतर दोन महिन्यांत, डिसेंबर २०२३ मध्ये, नेटफ्लिक्सने आपणहून १८ हजारांहून जास्त कार्यक्रमांचे तास जाहीर केले. आकडा हातात असेल तर पुढच्या वेळी टक्का खाली ओढता येतो.

मामा: आणि बाकीचं? गिल्डने मागितलं वर्षाला ४२.९ कोटी डॉलरचं, स्टुडिओ द्यायला निघाले होते ८.६ कोटींचं, आणि तुटलं २३.३ कोटींवर. म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर. एवढी घासाघीस आमच्याकडे भाजीबाजारातही होते, आणि त्यासाठी पाच महिने लागत नाहीत.

भाची: पाच महिने आम्हाला नाही लागले, त्यांना लागले. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने नाव न देता पत्रकाराला सांगितलं होतं, लेखकांची घरं जाईपर्यंत ताणायचं, असा बेत आहे. त्यांच्या संघटनेने नंतर हात झटकले, पण वाक्य सगळ्या पिकेट लाइनवर पोचलं होतं.

(जुलैच्या भर उन्हात युनिव्हर्सल स्टुडिओबाहेरच्या फिकसच्या झाडांच्या फांद्या छाटल्या गेल्या. त्या झाडांखालीच संपकरी सावलीला यायचे. स्टुडिओचं म्हणणं, ही दरवर्षीची छाटणी आहे. महापालिकेने तपासलं तर छाटणीचा परवानाच नव्हता. दंड झाला २५० डॉलर. या संपावर पुढेमागे कुणी चित्रपट काढला आणि हा प्रसंग घातला, तर समीक्षक म्हणतील की लेखकाने जरा अतीच केलं.)

मामा: पैशाचं सोडू. तुम्ही जिंकलात म्हणता त्यात मला खरंच खटकतं ते खुर्च्यांचं कलम. मालिका सहा भागांपर्यंत असेल तर किमान तीन लेखक, सात ते बारा भाग असतील तर पाच, तेरा किंवा जास्त असतील तर सहा. निर्मात्याने किती लेखक ठेवायचे हे संघटना सांगणार? आणि एकट्याने सगळी मालिका लिहिणाऱ्याला वर सूट.

भाची: ते कलम का आलं ते ऐक. लेखकमंडळाची खोली तू बघितलेली नाहीस. सकाळी दहाला सगळे बसतात. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर प्रत्येक भागाचा एक उभा रकाना, त्यात कार्डं. एका कार्डावर एक प्रसंग, त्यावर तीन-चारच शब्द. ‘आईला पत्र सापडतं.’ मग वाद. पत्र आता सापडलं तर चौथ्या भागात काय उरतं? ते कार्ड उचलून दोन रकाने पुढे जातं आणि त्याच्यामुळे इतर पाच कार्डं हलतात. मी टेबलाच्या टोकाला बसून प्रत्येक शब्द टिपत असे. सगळ्यात नवखा लेखक आठवड्यात दोनदा तोंड उघडतो, आणि दुसऱ्यांदा बोलतो ते कधीकधी फळ्यावर जातं. पुढे मालिका चित्रित होताना त्याला सेटवर पाठवतात. तिथे नट विचारतो, हे वाक्य मी का बोलू? दिग्दर्शक सांगतो, पाऊस परवडत नाही, प्रसंग घरात आण. तिथे उभ्या उभ्या जो बदल करतो, तो सात-आठ वर्षांनी स्वतःची मालिका चालवू शकतो. तिकडचे सगळे मालिकाप्रमुख असेच तयार झालेत.

मामा: मग मोडलं कुठे?

भाची: स्ट्रीमिंगने मिनी रूम आणली. मालिका मंजूर व्हायच्या आधीच तीन-चार लेखक आठ-दहा आठवडे बसवायचे, सगळे भाग काढून घ्यायचे, आणि घरी पाठवायचं. चित्रीकरण वर्षभराने. सेटवर एकटा प्रमुख, रात्री जागून सगळ्यांचे भाग पुन्हा लिहिणारा. बाकीच्यांनी सेट बघितलाच नाही. ‘द बेअर’च्या पहिल्या पर्वाच्या लेखकांपैकी एकाने उघड सांगितलंय. गिल्डचा पुरस्कार घ्यायला तो गेला तेव्हा बँक खातं उणे होतं आणि गळ्यातला बो टाय उधारीवर घेतलेला. ते भाग त्याने ब्रुकलिनमधल्या घरातून ऑनलाइन बसून लिहिले होते. पुरस्कारापर्यंत पोचलेल्या लेखकाची ही गत. नव्या करारात अशा खोलीला किमान दहा आठवड्यांची हमी आहे, मालिका मंजूर झाल्यावर वीस.

मामा: ऐकायला उत्तम. पण मालिकाच निम्म्या निघाल्या तर तुझ्या त्या पाच खुर्च्यांवर कोण बसेल? काल ज्याने स्वतःची मालिका चालवली तो आज काम नाही म्हणून दुसऱ्याच्या खोलीत येऊन बसणार, पडेल त्या पदावर. नवखा बाहेर. तू आत्ता इथे माझ्या घरी आहेस त्याचं कारण स्टुडिओ कमी आणि तुझ्याच संघटनेतले ज्येष्ठ जास्त आहेत. कलमाने खुर्च्या मोजल्या. खुर्चीत नवा माणूस बसेल असं काही ते कलम म्हणत नाही.

(भाची इथे बराच वेळ गप्प राहिली असती. हा मामाचा सगळ्यात पक्का मुद्दा आहे आणि गिल्डकडे त्याला उत्तर नाही. संपाने कामाची किंमत ठरवता येते, काम काढायला लावता येत नाही. मालिका मंजूर करण्याचा अधिकार टेबलाच्या पलीकडेच राहतो.)

भाची: हे मला लागलं. पण मग दुसरी बाजू घे. कराराशिवाय हीच मंदी आली असती तर? कामं तेवढीच कमी, आणि प्रत्येक खोलीत दोन माणसं, चार आठवडे. आणि सगळं आटलेलं नाही. ‘द पिट’ बघितलीस? एका पर्वात १५ भाग, एक भाग म्हणजे इस्पितळातल्या पाळीचा एक तास, बेताचा खर्च, आणि दुसरं पर्व बरोबर वर्षाने. हा जुन्या वाहिन्यांचाच साचा आहे, स्ट्रीमिंगवर आणलेला. २०२५ चं सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी त्यांना मिळालं. आठ भागांची तीन वर्षांनी येणारी महागडी मालिका लोकांना कंटाळवाणी झालीय. पंधरा भाग लिहायला खोली लागतेच.

मामा: एका मालिकेने ऋतू बदलत नाही. माझ्याकडे जी चौकशी येते ती मात्र उभ्या मोबाइलवरच्या मालिकांची. दीड मिनिटाचा भाग, साठ-सत्तर भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी थोबाडीत. चीनमधून निघालेलं हे खूळ तुमच्या लॉस एंजेलिसमध्येही जोरात आहे म्हणे. बेकार लेखक तेच लिहितायत.

भाची: लिहितायत. आणि त्यातलं बरंच गिल्डच्या कराराबाहेर आहे. आता पुढची लढाई तिथे.

मामा: आणि यंत्राशी?

भाची: तिथे मात्र २०२३ चा करार बारकाईने लिहिलाय. लोक म्हणतात, गिल्डने एआयवर बंदी घातली. तसं नाही. लेखकाला वापरायचं तर कंपनीच्या संमतीने वापरावं, कंपनी सक्ती करू शकत नाही. कंपनीने यंत्राचा मजकूर दिला तर तसं सांगावं लागतं. आणि मुख्य कलम असं, की यंत्राने लिहिलेलं हे मूळ साहित्य धरलं जाणार नाही. याचा अर्थ कळला?

मामा: सांग.

भाची: आमच्याकडे नवी पटकथा लिहायचा दर वेगळा, दुसऱ्याचा खर्डा दुरुस्त करायचा दर वेगळा, बराच कमी. स्टुडिओने दहा मिनिटांत यंत्राकडून खर्डा काढायचा आणि म्हणायचं, कथा तयार आहे, तू फक्त हात फिरव. सगळं लिहायचं लेखकाने, पैसे दुरुस्तीचे, आणि श्रेयनामावलीत ‘मूळ’ दुसऱ्या कुणाचं तरी. ते दार बंद केलं.

मामा: आणि मागचं दार? माझ्या वाचनात आलं, की सिनेमांची आणि मालिकांची उपशीर्षकं गोळा करून यंत्रांना पढवलीत. ५३ हजार सिनेमे, ८५ हजार भाग. लिहिलेलं सगळं आधीच त्याच्या पोटात गेलंय.

भाची: हो, तिथे करार फक्त म्हणतो की गिल्ड आपला हक्क सोडत नाही. हक्क स्टुडिओंकडे आहेत, खटला त्यांनी भरायचा. २०२४ च्या डिसेंबरात गिल्डने त्यांना पत्र लिहिलं, भरा. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सलने चित्रं काढणाऱ्या एका एआय कंपनीवर भरला. त्यांच्या बाहुल्यांसाठी. आमच्या वाक्यांसाठी नव्हे.

मामा: निदान तुमच्याकडे पत्र लिहायला कुणीतरी आहे. इथे ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ तमिळमध्ये पुन्हा लावला. शेवट एआयने बदलून, मेलेला नायक जिवंत करून. दिग्दर्शकाने निषेध केला, नायक धनुषने केला. निर्माती कंपनी म्हणाली, हक्क आमचे. चित्रपट लागला.

भाची: मग मला हेच विचारायचंय. तुला संप हा मूर्खपणा वाटतो. पण तुमच्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेर चित्रपट वापरला गेला तर त्यात घेतलेल्या साहित्याच्या लेखकाला रॉयल्टी, आणि तो हक्क निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी लढले. गीतकारांना त्यातून काही मिळायला लागलं. पटकथाकाराला काय मिळालं?

मामा: कायद्याचं पुस्तक मिळालं. वसूल कोण करणार? सलीम-जावेद यांनी ‘जंजीर’च्या वेळी पेंटर बोलावून मुंबईभरच्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली, तेव्हा लोकांना कळलं की सिनेमाला लेखक असतो. त्याला पन्नास वर्षं झाली. आमची संघटना आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशन. तिथे कथा नोंदवता येते, तंटा सोडवायला समिती आहे. किमान दराचा नमुना करारही केव्हाचा तयार आहे. निर्माते त्यावर सही करत नाहीत, एवढंच. पण तू एक विसरतेस. मला काम आहे. वर्षाचे तीनशे भाग. सकाळी वाहिनीच्या कार्यकारी निर्मात्याचा फोन येतो, सासूला ताप आलाय, आजचे तिचे तीनही सीन काढा, युनिट घोडबंदरला उभं आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. साडेबाराला व्हॉट्सअॅपवर पानं जातात, सहायक प्रिंट काढतो, दोन वाजता कॅमेरा लागतो. तुझ्या त्या खोलीत कार्ड दोन रकाने सरकेपर्यंत आमचे दोन भाग प्रसारित होतात. पैसे भागामागे, बिल दिल्यावर तीन महिन्यांनी. पण येतात.

भाची: आणि तीच मालिका आज अॅपवर, उद्या डब होऊन दुसऱ्या भाषेत?

मामा: त्याचे नाही येत.

भाची: दुसऱ्या वाहिनीने तिचा रिमेक केला तर?

मामा: त्याचेही नाही. आणि मी काम बंद ठेवलं तर संध्याकाळपर्यंत दुसरा येतो. तो माझाच शिष्य असतो, माझ्याहून कमी दरात. तिकडे टीमस्टर संघटनेचे ट्रकवाले लेखकांची रांग ओलांडत नव्हते, म्हणून फाटकं बंद पडली. इथे कोण थांबणार आहे? लाइटमनला रोजचा रोज मिळतो. माझ्या रॉयल्टीसाठी त्याने आठवडा उपाशी बसावं, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगू? तुमच्या संपात तिकडचे कपडेवाले, ड्रायव्हर, केटरिंगवाले, त्यांची घरं गेलीच की.

भाची: गेली. ते कुणी नाकारत नाही.

(मुंबईत आता आणखी एक अडचण आहे. रिलायन्स आणि डिस्ने यांचा भारतातला माध्यमांचा धंदा नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट स्कायडान्सच्या हाती गेली. पूर्वी एका दारात नकार मिळाला तर लेखक दुसरं दार ठोठावत असे. दारं कमी होताना भाव ठरवायला कोण मोकळा राहतो, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.)

मामा: ते जाऊ दे. त्या उभ्या मालिकेवाल्यांनी करार पाठवलाय. इंग्रजीत आहे, सतरा पानं. बघ जरा.

भाची: नववं कलम. ‘सर्व ज्ञात आणि भविष्यात निघणाऱ्या माध्यमांतले हक्क, संपूर्ण विश्वात.’ पृथ्वीवर भागलं नाही यांचं.

मामा: ते सगळीकडेच असतं.

भाची: अकरावं सगळीकडे नसतं. ‘लेखकाचं साहित्य स्वयंचलित प्रणालींच्या विकासासाठी वापरता येईल.’ हे खोड. आणि खाली लिही, श्रेय हटवता येणार नाही.

मामा: खोडलं तर ते दुसऱ्याला देतील.

भाची: त्या दुसऱ्याला तू ओळखतोस ना? आत्ताच म्हणालास, तुझा शिष्य असतो. फोन कर त्याला. त्यालाही हाच कागद आलाय का ते विचार.

मामा: आला असेलच. गेल्या आठवड्यात त्याने दर विचारला होता मला. मी सांगितला नाही.